जुना गेम घ्यायला निघताय? भाव गावातच ठरवा

दिग्रस, आर्वी, मेहकर, वणी अशा तालुक्यांच्या आसपास राहणाऱ्याला जुना व्हिडिओ गेम घ्यायचा तर वाटा तीनच. तालुक्यातल्या मोबाइल दुकानाचं काचेचं कपाट, ओएलएक्स-फेसबुकवरचा अनोळखी माणूस, नाहीतर नागपूर-अमरावतीची फेरी. तिन्ही ठिकाणी विकणारा तुम्हाला पाहताच एक गोष्ट ओळखतो, की हा लांबून आलाय. भाडं गेलं, दिवस गेला, आता रिकाम्या हाताने परत जायला याच्या जिवावर येणार. वरचे दोनशे-तीनशे रुपये तो गेमचे लावत नाही, तुमच्या त्या फेरीचे लावतो. त्याचा तिरसटपणाही बऱ्याचदा त्यातूनच येतो: "घ्याचं असन तं घ्या, नाई तं टाइमपास नोका करू."

म्हणून यातलं बहुतेक काम घरी, फोन हातात घेऊन करायचं आहे. दुकानात जाऊन करायचं काम थोडं आहे आणि तेही मुख्यतः तपासणीचं.

आधी आपल्या घरचा टीव्ही बघा

गेमच्या भावापेक्षा मोठा तोटा चुकीची वस्तू घेतल्याने होतो. घरी डबा टीव्ही असेल आणि मागे फक्त लाल-पांढरी-पिवळी भोकं असतील, तर पीएस४ (प्लेस्टेशन ४, सोनीचं गेमचं मशीन) घेऊ नका. त्याला एचडीएमआय (नव्या टीव्हीची चपटी वायर) सोडून दुसरी वायर जोडताच येत नाही. बाजारात कन्व्हर्टर मिळतो, पण चित्र इतकं पुसट येतं की गेममधली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. पीएस२ आणि पीएस३ तिन्ही रंगांच्या वायरवर चालतात.

कोणती डिस्क कशात चालते याचा हिशेब विकणारा मुद्दाम गोंधळात ठेवतो, किंवा त्यालाच ठाऊक नसतो. पीएस४ ची डिस्क पीएस५ मध्ये चालते, पण पीएस५ ची डिस्क पीएस४ मध्ये चालत नाही. पीएस३ ची डिस्क पीएस४ मध्ये चालत नाही, मग तो काहीही म्हणो. एक्सबॉक्स (मायक्रोसॉफ्टचं मशीन) सिरीज एस ला डिस्कची फटच नाही. पीएस५ मध्येही डिस्कवाला आणि बिनडिस्कचा असे दोन प्रकार आहेत. खोक्यावरचा सीएफआयने सुरू होणारा मॉडेल क्रमांक पाहा: आकड्यांनंतर ए असेल तर डिस्कवाला, बी असेल तर बिनडिस्कचा. "पीएस५, एकदम स्वस्त" अशी जाहिरात दिसली की पहिला संशय बी चा घ्यायचा.

नातेवाइकाने परदेशातून आणलेला कन्सोल (गेमचं मशीन) असेल तर मागचं स्टिकर वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जपान-अमेरिकेतले जुने पीएस२ आणि अमेरिकेतल्या एक्सबॉक्स ३६० चे अडॅप्टर १००-१२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० वर ते जळतात. पीएस४ ला ही अडचण नाही.

आणखी एक खास खेड्यातली बाब. काही गेमची डिस्क हातात असते, पण गेम डिस्कवर नसतो. २०२२ साली आलेल्या कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी आहेत, बाकी सगळं नेटवरून उतरवायचं. ग्रॅन टुरिस्मो ७ चे बहुतेक भाग नेट चालू असल्याशिवाय खेळताच येत नाहीत. रोजचे २ जीबी मिळणाऱ्या पॅकवर ५० जीबी उतरवायला २५ दिवस जातात. शिवारात टॉवरची एकच दांडी दिसत असेल तर असे गेम फुकट मिळाले तरी कामाचे नाहीत. उलट, नेट न लागता डिस्कवरूनच पूर्ण चालणाऱ्या गेमला चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही.

भाव कसा काढायचा

विकणारा जो भाव सांगतो त्याच्या मागे बहुतेक वेळा गेम नवा आला तेव्हाची किंमत असते. सोनीचे पीएस५ चे मोठे गेम भारतात ४,९९९ रुपयांना आले. त्याच्या डोक्यात तो आकडा बसलेला असतो, त्यातून तो पंचवीस टक्के कमी करतो आणि उपकार केल्यासारखा सांगतो. दरम्यान तो गेम नवाच अर्ध्या किमतीला मिळायला लागलेला असतो.

तुम्ही तीन आकडे कागदावर लिहा. पहिला, आज नवी सीलबंद डिस्क कितीला घरपोच मिळते. दुसरा, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सच्या ऑनलाइन दुकानात सेल लागतो तेव्हा तोच गेम कितीपर्यंत उतरला होता. तिसरा, गेमलूटसारखी जुने गेम घेणारी-विकणारी ऑनलाइन दुकानं तो कितीला विकतात आणि कितीला विकत घेतात. या तिसऱ्यातला 'घेण्याचा' भाव सगळ्यात कामाचा. कारण समोरच्याने अशा दुकानाला विकला तर त्याला किती मिळणार, हे त्यावरून कळतं.

ओएलएक्सवर लावलेला भाव मात्र धरू नका. तो मागितलेला भाव आहे, मिळालेला नाही. जाहिरातीवरची तारीख बघा. दोन महिने एकच गेम त्याच भावाला पडून असेल, तर त्या भावाला घेणारा कोणी आलेला नाही.

समजा नवी डिस्क आज २,००० ला आहे. जुन्या चांगल्या डिस्कला आमच्या मते त्याच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ नये, म्हणजे १,२००. आता जाण्या-येण्याचं भाडं १६० असेल तर तेही त्यातून वजा करायचं, कारण नवी डिस्क घरपोच येते आणि खराब निघाली तर परतही जाते. उरले १,०४०. ही तुमची शेवटची रेघ. बोलणी सुरू करताना ९०० म्हणा. रेघ कागदावर लिहून खिशात ठेवा. हे हास्यास्पद वाटेल, पण समोर डिस्क चमकत असताना तोंडी ठरवलेली रेघ सरकते, लिहिलेली सरकत नाही.

दर वर्षी नवा येणाऱ्या खेळांच्या गेमला हा हिशेब लावू नका. फुटबॉल, कुस्ती, बास्केटबॉल यांचा नवा भाग आला की जुन्याचा भाव कोसळतो. फिफा नावाचा शेवटचा भाग फिफा २३, त्यानंतर मालिकेचं नावच बदललं. फिफा १७ किंवा १८ ला कोणी हजार मागत असेल तर पुढे बोलायचीही गरज नाही. क्रिकेटच्या गेमचं थोडं वेगळं आहे. आपल्याकडे मागणी असते म्हणून ते भाव धरून राहतात.

"ऑनलाइन खेळता येतो" म्हणून जास्त पैसे मागितले तर आधी खात्री करा. पीएस३ वरचं जीटीए ऑनलाइन १६ डिसेंबर २०२१ ला बंद झालं. डिस्कवरची एकट्याने खेळायची गोष्ट चालते, पण ऑनलाइनचे पैसे मोजायचे नाहीत. एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं, त्यामुळे "नंतर डाउनलोड करून घ्या" हेही आता खरं नाही.

वेळेचाही फरक पडतो. दिवाळीनंतर कापसाचा पैसा हातात येतो तेव्हा घेणारे वाढतात आणि विकणारे ताठ होतात. जूनमध्ये बियाणं, खत आणि शाळेची भरती एकदमच येते. फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या पोरांचे कन्सोल घरचेच विकायला काढतात. घाई नसेल तर या दोन महिन्यांची वाट पाहा.

पहिला मेसेज

विकणारे तुसडे का असतात त्याचं निम्मं कारण घेणाऱ्यांमध्ये आहे. एका जाहिरातीवर "लास्ट किती?", "द्या ना भाऊ ५०० ला" असे वीस मेसेज येतात आणि येतो म्हणणाऱ्यांपैकी कोणीच येत नाही. तुमचा मेसेज त्या विसांपेक्षा वेगळा दिसला की निम्मा तिरसटपणा तिथेच गळतो. एकाच मेसेजमध्ये सगळं लिहा:

"नमस्कार दादा. तुमच्याकडची गॉड ऑफ वॉर, पीएस४ ची डिस्क घ्यायची आहे. डिस्कच्या खालच्या बाजूचा उजेडात काढलेला फोटो आणि डब्याचा फोटो पाठवाल का? डिस्क ठीक असेल तर शनिवारी दुपारी येतो, रोख देतो. माझा हिशेब ९०० चा आहे, कारण नवी २,००० ला मिळते आहे."

नाव, वस्तू, दिवस, रोख, आकडा आणि आकड्यामागचं कारण. कारण नसलेला आकडा अपमान वाटतो, कारण असलेल्यावर बोलता येतं. कारण गेमच्या बाजाराचं द्या, स्वतःच्या परिस्थितीचं नको. "विद्यार्थी आहे, पैसे नाहीत" हे त्याने शंभर वेळा ऐकलेलं असतं.

फोटो मागितल्यावर तो भडकला, किंवा "येऊन बघा ना" एवढंच म्हणाला, तर तिथेच थांबा. डिस्क उलटी करून फोटो काढायला दहा सेकंद लागतात. तेवढं न करणारा माणूस साठ किलोमीटर गेल्यावर अर्धा तास टीव्ही लावून दाखवणार नाही.

कन्सोल घ्यायचा असेल तर व्हिडिओ कॉल मागा आणि त्यात बंद अवस्थेपासून चालू करून दाखवायला सांगा. आधीच चालू असलेला कन्सोल दाखवणं सोपं असतं. चालू होताना येणारी बीप, पेटणारा दिवा आणि पहिली स्क्रीन यातच बिघाड दिसतो.

पिशवीत काय न्यायचं

छोटी टॉर्च (मोबाइलची चालते, पण दुसऱ्या हातात फोन लागतो), चष्मा पुसायचं मऊ कापड, एचडीएमआय वायर, पीएस४ च्या रिमोटला लागणारी मायक्रो यूएसबी वायर, आणि तुमच्याकडे असेल तर नक्की चालते अशी एक डिस्क. विकणाऱ्याची डिस्क चालली नाही की तो म्हणतो मशीन खराब, मशीन चाललं नाही की म्हणतो डिस्क खराब. तुमची एक खात्रीची डिस्क हा वाद मिटवते. रोख रक्कम दोन खिशांत वाटून ठेवा, एकात रेघेएवढीच.

वय अठराच्या आत असेल तर घरचं मोठं कोणीतरी सोबत असू द्या. अनोळखी माणसाला एसटी स्टँडवर किंवा ओळखीच्या मोबाइल दुकानात बोलवा.

डिस्क हातात घेतल्यावर

इथे घाई करू नका, विकणारा कितीही चुळबुळ करो. आपल्याकडे प्रत्येक गोल डिस्कला सीडीच म्हणतात, पण सीडी, डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे या तिन्हींत माहिती वेगवेगळ्या खोलीवर असते आणि त्यावरच ओरखड्याची किंमत ठरते.

सीडीत माहिती वरच्या चित्राच्या लगेच खाली असते. म्हणून चित्राच्या बाजूचा चरा जास्त वाईट. डीव्हीडीत ती जाडीच्या मधोमध, ०.६ मिलिमीटरवर असते, त्यामुळे खालचे हलके चरे दुकानात पॉलिश करून जाऊ शकतात. पीएस३, पीएस४ आणि पीएस५ च्या ब्ल्यू-रे डिस्कमध्ये माहिती खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते. वर कडक थर आहे म्हणून सहसा ओरखडे पडत नाहीत, पण नखाला लागेल असा चरा एकदा पडला की पॉलिशचा उपयोग नाही. टूथपेस्ट लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने तो कडक थरच घासला जातो.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. डिस्क कडांनी धरा, खालची बाजू वर करा आणि टॉर्च तिरपी, जवळजवळ आडवी धरून हळूहळू फिरवा. सरळ उजेडात काहीच दिसत नाही, तिरप्या उजेडात सगळं दिसतं. केसासारख्या बारीक रेघा चालतात. मधून काठाकडे जाणारा चरा बराच सुसह्य, पण गोल फिरणारा, रेकॉर्डच्या खाचेसारखा चरा असेल तर डिस्क खाली ठेवा. एक्सबॉक्स ३६० चालू असताना कोणी हलवला किंवा उभ्याचा आडवा केला की नेमकी अशी गोल खाच पडते, आणि त्या जागेवर गेम अडकतो म्हणजे अडकतोच.

मग डिस्क डोळ्यासमोर धरा आणि मागून, चित्राच्या बाजूने टॉर्च लावा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला चकाकता थर निघून गेलेला आहे. शेवटी मधलं भोक बघा. घट्ट डब्यातून ओढून काढताना तिथे बारीक तडे जातात. मशीनमध्ये डिस्क जोरात फिरते तेव्हा हेच तडे वाढतात.

पीएस४ आणि पीएस५ ला नकली डिस्क चालत नाही, त्यामुळे तिथे नकलीची भीती कमी. भीती असते डब्यात दुसरीच डिस्क असण्याची. डब्यावरचा आणि डिस्कवरचा क्रमांक जुळतो का ते बघा: पीएस४ चा सीयूएसएने आणि पीएस५ चा पीपीएसएने सुरू होतो. पीएस२ मात्र कॉपी केलेल्या डिस्कांनी भरलेला आहे. जांभळट किंवा हिरवट बूड म्हणजे घरी लिहिलेली डिस्क. मूळ डीव्हीडी रुपेरी असते, मूळ सीडी निळ्या बुडाची. कॉपीची किंमत डिस्कच्या प्लास्टिकएवढीच.

चालवून बघताना होणारी फसवणूक

विकणारा डिस्क टाकतो, गेम सुरू होतो, तो म्हणतो "बघा, चालून राहिली ना?" पीएस४ वर हे पुराव्याला पुरत नाही. त्याच्या मशीनमध्ये गेम आधीच बसवलेला असेल तर डिस्क फक्त ओळख पटवण्यापुरती वाचली जाते. त्याला नेट बंद करायला सांगा, गेम काढून टाकायला सांगा आणि डिस्कवरून पुन्हा बसवायला सांगा. त्याने खेळलेलं जतन वेगळं राहतं, ते जात नाही, हे आधीच सांगितलं तर तो तयार होतो. ५० जीबीची डिस्क पूर्ण उतरायला अर्धा तास तरी लागतो. थोडा भाग उतरल्यावर गेम सुरू होऊ शकतो, पण तुम्ही गेम किती बसला ते दाखवणाऱ्या पट्टीकडे पाहत शेवटपर्यंत थांबा. खराब डिस्क बऱ्याचदा शेवटच्या भागात अडकते.

कन्सोल असेल तर जड गेम लावून तासभर चालवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात जिनिंगची आणि रस्त्याची धूळ. पंखा विमानासारखा ओरडत असेल तर आत धूळ आहे आणि प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट वाळली आहे. ते दुरुस्त होतं, म्हणून तो भाव पाडायचा मुद्दा आहे. पण पीएस३ ला पिवळा दिवा लागून बंद पडण्याचा किंवा एक्सबॉक्स ३६० ला तीन लाल दिवे लागण्याचा इतिहास असेल आणि "दुरुस्त केला" म्हणत असतील, तर बहुधा हीटगन (गरम हवेचं यंत्र) मारून तात्पुरता उठवलेला असतो. महिना-दोन महिन्यांत पुन्हा बसतो. बंद पडलेल्या गेम पार्लरमधून निघालेले कन्सोल स्वस्त दिसतात, पण ते रोज दहा-दहा तास चाललेले असतात.

रिमोटची तपासणी फोनवर करा. पीएस४ चा रिमोट घ्या, शेअर आणि पीएस ही बटणं एकदम दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकायला लागला की फोनच्या ब्लूटूथला जोडा आणि ब्राउझरमध्ये गेमपॅड टेस्टरचं पान उघडा. रिमोटवरच्या, अंगठ्याने फिरवायच्या दोन्ही काठ्या सोडून हात बाजूला घ्या. आकडे शून्याच्या आसपास स्थिर राहायला हवेत. काठी न हलवता आकडा ०.१५-०.२० च्या पुढे सरकत असेल तर गेममध्ये माणूस आपोआप चालायला लागेल. मग काठी गोल फिरवून सोडा आणि तीन-चार वेळा असं करा, कारण कधी कधी काठी पहिल्यांदा बरोबर परत येते आणि नंतर अडकते. इअरफोन लावून आवाज येतो का ते कन्सोलवर बघा. नकली रिमोट बऱ्याचदा इथेच उघडे पडतात.

"चाळीस गेम फ्री" म्हटलं की विचारा, कशावर? विकणाऱ्याच्या अकाउंटवर असतील तर तो ज्या दिवशी दुसऱ्या मशीनला प्रायमरी (त्या अकाउंटचं मुख्य मशीन) करेल त्या दिवशी तुमच्याकडचे गेम कुलूपबंद होतील. एकच अकाउंट चौघांना विकलेलं असणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. जेलब्रेक केलेल्या, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडलेल्या मशीनवर भरलेले गेम चोरीचे असतात. कॉपीराइट कायद्यात ते जाणूनबुजून वापरणं हाही गुन्हा आहे, आणि असं मशीन नेटवर नेलं तर सोनी ते बंद करू शकते. त्या चाळीस गेमचे पैसे शून्य धरा. स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करून बघा, म्हणजे मशीनवर बंदी आहे का तेही कळतं.

काळ्या-पिवळ्या कॅसेटचे जुने टीव्ही गेम हल्ली "रेट्रो, रेअर" म्हणून हजारांत विकायला काढतात. "९९९९९९ इन १" कॅसेटमध्ये मोजके गेम असतात, तेच तेच पुन्हा येतात. आठवडी बाजारात मिळणारे नवे संचही असेच असतात. त्याला आठवणीची किंमत द्यायची असेल तर द्या, दुर्मीळतेची देऊ नका. कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारू नका, ओलाव्याने पट्ट्या गंजतात. कानातल्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

समोरासमोर बोलताना

तपासणीत जे दोष दिसतील ते मोठ्याने, पण तक्रारीचा सूर न लावता मोजा. "खालून बारीक रेघा आहेत, डब्याचा कागद फाटला आहे, नवी २,००० ला आहे. मी ९०० देतो." मग गप्प बसा. ही शांतता नवशिक्याला सोसत नाही आणि तो स्वतःच आकडा वाढवतो. तुम्ही वाढवू नका.

"दुसरं गिऱ्हाईक येऊन रायलं" हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येईल. उत्तर एवढंच: "बरं दादा, त्यांना देऊन टाका. नाही आले तर माझा नंबर आहे तुमच्याकडे." यात राग नाही, टोमणा नाही, आणि भाव तुमच्याच रेघेवर राहतो. संध्याकाळी किंवा दोन दिवसांनी फोन येण्याची शक्यता बरीच असते. फोन आला तर आदल्याच आकड्यावर बोला. "आता तर ८०० च देईन" असं म्हणून उट्टं काढू नका. तालुक्यात गेम विकणारे दोन-तीनच असतात आणि पुढचा गेमही त्यांच्याकडूनच घ्यायचा असतो.

"ऐपत नाही तं येता कायले?" अशा भाषेवर कोणी उतरलाच तर त्याच्याकडून वस्तू घेऊच नका, भाव बरोबर असला तरी. तपासणीला अर्धा तास द्यायला तो तयार होणार नाही आणि बिघडल्यावर फोन उचलणार नाही.

दोन-तीन डिस्क एकत्र घेतल्या तर भाव जास्त उतरतो. न विकलेल्या दोन गेमसोबत हवा तो गेम मागा. तुमच्याकडच्या संपलेल्या गेमची अदलाबदल करायची तर तोही तपासणीला ठेवा, आणि त्याची किंमत रोखीच्या बोलणीनंतर काढा, आधी नाही.

पैसे, पावती, पार्सल

टोकन म्हणून आगाऊ पैसे पाठवू नका. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, मिळवायला कधीच लागत नाही. क्यूआर स्कॅन केला की पैसे तुमच्याकडूनच जातात. "मी आर्मीत आहे, पार्सल निघालं, फक्त स्कॅन करा" हा जुना सापळा अजून चालतो. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करा.

दुकानातून घेत असाल तर पावती मागाच. त्यावर गेमचं नाव, कन्सोलचा सिरियल क्रमांक आणि "जुना" हा शब्द लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पावती नाकारणं आणि सदोष माल पावतीवरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही अनुचित प्रथा आहेत. तक्रारीसाठी १९१५. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. खासगी माणसाकडून घेतलेल्या वस्तूला हा आधार नाही, म्हणून तिथे निदान व्हॉट्सॲपवर "सिरियल अमुक, आज इतके रोख मिळाले, मशीन माझ्याच मालकीचं आहे" असा मेसेज त्याच्याकडून घ्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं गुन्हा आहे. बिल, खोकं आणि अडॅप्टर यांपैकी काहीच नसलेला आणि फारच स्वस्त कन्सोल तसाच सोडा.

नव्या सीलबंद डिस्कला छापील किमतीपेक्षा जास्त मागता येत नाही. जुन्या वस्तूला ती मर्यादा नाही, तिथे वाद घालून उपयोग नाही.

पार्सलने मागवायची असेल तर व्हीपीपीने सुरक्षितता येते असं समजू नका. पोस्टमनला पैसे आधी द्यायचे आणि पाकीट नंतर उघडायचं असतं, आत विटकरीचा तुकडा निघाला तरी. पाकिटाच्या सहाही बाजू दाखवून, मधे न थांबता, उघडण्यापासून डिस्क चालेपर्यंत एकच व्हिडिओ काढा. डिस्क नुसत्या पाकिटात नको, डब्यात घालून दोन पुठ्ठ्यांच्या मधे पाठवायला सांगा.

घरी आल्यावर त्याच रात्री पूर्ण बसवून बघा, आठवड्याने नाही. दोष दिसला तर व्हिडिओसह लगेच कळवा. गेम खेळून झाला की तोच पुन्हा विकता येतो. १,०४० ला घेतलेला ८०० ला गेला तर भाडं सोडून खरा खर्च २४० च झाला. म्हणून डब्याच्या कागदावर नाव लिहू नका आणि चिकटपट्टी लावू नका. काढताना कागद फाटतो, आणि पुढचं गिऱ्हाईक तेवढ्यावरच तुमचे शंभर रुपये पाडतं.